नागभीडला गाडी बदला

सावलीत रेल्वे येत नाही. मूलहून गडचिरोलीला जाणारा रस्ता गावातून जातो, त्यावरून एस.टी. जाते, धानाचे ट्रॅक्टर जातात, निवडणुकीच्या दिवसांत पुढारी जातात. रेल्वे चंद्रपूरकडून मूलपर्यंत येते आणि तिथून वर सिंदेवाहीकडे निघून जाते. गावाला रेल्वे हवी, असं अधूनमधून कोणीतरी निवेदनात लिहितं. आमच्या शेजारच्या गुरुजींनी निवेदनं लिहिली नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओसरीवर नागभीड जंक्शन बांधायला घेतलं.

नागभीडच का, याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल नागपूर रेल्वेने या जंगलात अडीच फुटी नॅरोगेजचं जाळं टाकलं. गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्ट, आणि नागभीडहून उमरेडमार्गे नागपूर. पुढे गोंदिया–चांदा फोर्ट लाइन मोठी झाली, नागपूर–नागभीड लहानच राहिली. ती २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, रुंदीकरणासाठी. मधल्या काळात नागभीडला एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला नॅरोगेज असा संसार होता. गुरुजींना तो काळ ओसरीवर जशाचा तसा हवा होता. गुरुजी गणिताचे, त्यामुळे ‘जशाचा तसा’ म्हणजे १:८७. याला जगभर एचओ स्केल म्हणतात.

या प्रमाणाने पहिल्याच दिवशी गुरुजींना जेवू दिलं नाही. एचओचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजला भागून काढलेले. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ ने भागलं की १९.२६ येतात. म्हणजे नागभीडची मोठी लाइन पावणेतीन मिलिमीटरने अंग चोरून उभी. उलट नॅरोगेज ७६२ मिलिमीटर, भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि ९ मिलिमीटरचे रूळ दुकानात तयार मिळतात. जी लाइन सरकारने उखडली ती तंतोतंत बसते आणि जी ठेवली ती बसत नाही, हे गुरुजींनी मला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्यांनी वही उघडली की मी चहाचा कप खाली ठेवून चप्पल शोधतो.

डोंगर मात्र अस्सल सावलीचे आहेत. तारेच्या सांगाड्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेली खादी टाकली, वाळवली, रंगवली. सावलीची खादी एके काळी नावाजलेली. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथे भरलं, खुद्द गांधीजी आले होते. त्या गावात परदेशी यंत्रांची आयात करताना गुरुजींना मनातून थोडं अवघडल्यासारखं होतं, म्हणून निदान डोंगर तरी स्वदेशी. धानाच्या बांध्या लाकडाच्या भुशाच्या, मोहाची झाडं तारेची. माणसं जर्मनीच्या प्रायझर कंपनीची, त्यामुळे नागभीडच्या फलाटावर भर मे महिन्यात काही मंडळी ओव्हरकोट घालून उभी होती. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, सुईच्या टोकाने रंग लावून त्यातल्या बायकांना लुगडी नेसवली आणि दोन पुरुषांना टोप्या घातल्या. बाकीचे अजून थंडीची वाट पाहत आहेत.

इथवर सगळं ठीक होतं. भानगड सुरू झाली ती गाड्या चालवायच्या वेळी.

जुन्या पद्धतीत एक ट्रान्सफॉर्मर, त्याला एक गोल खटका. खटका फिरवला की रुळांत वीज कमी-जास्त होते आणि रुळावर जे काही इंजिन असेल ते पळतं. अडचण ‘जे काही’ या शब्दांत आहे. दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळतात. एकाला फलाटावर थांबवून दुसऱ्याला पुढे काढायचं तर रुळांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळी तार, वेगळं बटण. नागभीडसारख्या जंक्शनला इतकी बटणं लागली की गुरुजींची पाटी वीजमंडळाच्या सबस्टेशनपेक्षा भारी दिसू लागली, आणि गाडी सुटायच्या आधी कोणतं बटण दाबायचं हे आठवेपर्यंत प्रवासी वैतागून एस.टी.ने गेले असते.

डिजिटलमध्ये हे सगळं सुटतं, असं गुरुजींना कळलं. या पद्धतीचं नाव डीसीसी. रुळांत कायम चौदा-पंधरा व्होल्ट खेळते राहतात आणि त्याच विजेतून आदेश जातात. प्रवाहाचा अर्धा झोका ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर तो एक, शंभर किंवा त्याहून लांब असला तर शून्य. असे एक-शून्य जोडून निरोप तयार होतो: ‘क्रमांक अमुक, वेग एवढा, दिवा लाव.’ प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची चिप. गुरुजींनी हे मला चाळीस वर्षांच्या सवयीने समजावलं: मास्तर हजेरी मोठ्याने पुकारतो, ऐकतो सगळा वर्ग, पण ‘हजर’ एकच पोरगा म्हणतो. मी विचारलं, दोन पोरांचा नंबर एकच असला तर? गुरुजी म्हणाले, “तोच तर घोळ आहे. सगळी इंजिनं कारखान्यातून नंबर ३ घेऊनच येतात.”

आता ही पद्धत एकच आहे का? इथे गोष्ट रंगते. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने ती विकसित केली, आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, जी १९३५ पासून मॉडेलवाल्यांची मानकं ठरवते, या पद्धतीच्या पायावर १९९० च्या दशकात सर्वांसाठी मानक काढलं. रुळात काय जायचं ते ठरलं. कोणत्याही कंपनीच्या पेटीने हाक मारावी, कोणत्याही कंपनीच्या डीकोडरने ओ द्यावी. फार शहाणपणाचं काम झालं. फक्त शहाण्यांनी एक गोष्ट कंपन्यांवर सोडली: पेटी आणि हातातला रिमोट यांच्यामधली तार. ती भाषा ज्याची त्याची. डिजिट्रॅक्सची लोकोनेट, लेन्झची एक्स्प्रेसनेट, एनसीईची कॅब बस, ईएसयूची आणखी वेगळीच. म्हणजे इंजिन कोणाचंही घ्या, पण पेटी एकदा घेतली की रिमोट, वाढीव बूस्टर, सिग्नलचे सुटे भाग हे सगळं त्याच घरचं घ्यावं लागतं. निवड इंजिनाची नसते, घराण्याची असते.

गुरुजींच्या नशिबात घराणी दोन आली. मुलगी-जावई जर्मनीत, पुतण्या अमेरिकेत. गुरुजींच्या छंदाची बातमी दोघांना एकाच दिवाळीत कळली आणि दोघांनी एकमेकांना न सांगता एकेक पेटी पाठवली. जावईबापूंची पेटी पांढरी, तिला रिमोट नाही, मोबाइलवर चालते. पुतण्याची काळी, तिला लांब तारेचा जाडजूड रिमोट, त्यावर इतकी बटणं की त्याने ट्रॅक्टरही चालला असता.

गुरुजींना वाटलं, दोन्ही वापरू. पेटी जावयाची, रिमोट पुतण्याचा, कोणाचंच मन मोडायला नको. रिमोटच्या तारेचं टोक जावयाच्या पेटीच्या भोकात टक् करून बसलं. आणि खरा धोका हाच आहे. यातल्या बऱ्याच कंपन्यांनी टेलिफोनसारखाच सहा तारांचा प्लग घेतला आहे. एका नामांकित पेटीवर तर एक्स्प्रेसनेट आणि लोकोनेट यांची दोन भोकं शेजारी-शेजारी, दिसायला अगदी एकसारखी. प्लग बसतो, भाषा बसत नाही, आणि कधी कधी नुसतं न बसण्यावर भागत नाही, काहीतरी जळतं. तेवढ्यात आमच्याकडचा वायरमन मीटर बघायला आला होता म्हणून बरं. त्याने सगळा पसारा पाहिला, पुतण्याच्या पेटीचा अडॅप्टर उलटा केला आणि मागचं लेबल वाचून दाखवलं: १२० व्होल्ट.

“गुरुजी, हे आपल्या लाइनवर लावलं असतं तं नागभीडच काय, गोंदियापर्यंत अंधार झाला असता.”

मग तो टेबलावर वाकून दोन रूळ बघत राहिला.

“करंट तं दोनच तारांतून जाते. मंग एवढ्या पेट्या कायले?”

या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात नाही.

त्यानंतर व्हिडिओ कॉलचा मोसम आला. जावईबापू सांगायचे, एकच घराणं ठेवा, पुढे वाढवताना त्रास नको, आणि पांढरी पेटी जगात पुढारलेली आहे. पुतण्या सांगायचा, मोबाइलवर गाडी चालवायची म्हणजे नजर पडद्यावर राहते. खरा खटका बोटाला लागतो तेव्हा डोळे गाडीवर असतात. मला विचाराल तर पुतण्याचं म्हणणं खरं आहे. काचेवर बोट सरकवून गाडी थांबवताना ती फलाटाच्या पुढे जाते, आणि गुरुजींच्या नागभीडला फलाटाच्या पुढे ओसरीची पायरी आहे. पण मी तोंड उघडलं नाही. जावयाच्या पेटीबद्दल शेजाऱ्याने मत देऊ नये.

मधल्या काळात इंजिनांची शस्त्रक्रिया चालू होती. तिथेही घराणी आहेतच. डीकोडर इंजिनात बसवायचा सॉकेट सहा पिनांचा असतो, आठ पिनांचा असतो, एकवीस पिनांचा असतो, प्लक्स बावीस असतो, लहान इंजिनांसाठी नेक्स्ट अठरा असतो. मोठा घ्यायचा की लहान हे पिना मोजून कळत नाही: एकवीस पिनांचा डीकोडर प्लक्स बावीसमध्ये जात नाही, एकाच पिनेचा फरक असूनही. आठ पिनांचा उलटा बसवला तर इंजिन गुमान पळतं आणि दिवे मात्र लावत नाही. हा स्वभाव मी माणसांतही पाहिला आहे, पण त्यांना उलटं करून बसवायची सोय नाही. नॅरोगेजचं इंजिन गुरुजींनी स्वतः केलं, जपानी एन गेजच्या, म्हणजे ९ मिलिमीटर रुळाच्या, चाकांच्या गाड्यावर प्लॅस्टिक शीटचं झेडडीएम डिझेल. आत जागा एवढी थोडी की पंधरा मिलिमीटर लांबीचा डीकोडरही ड्रायव्हरच्या मांडीवर बसवावा लागला.

पुण्याला भावाकडे लग्नाला गेले तेव्हा गुरुजी कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आले. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं. एचओ स्केलमध्ये अख्खं गाव, रस्ते, सिग्नल, दिवे, सगळं चालतं. लग्न कसं झालं असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, “सिग्नल वेळेवर पडत होते.” परत आल्यापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की काहीही झालं तरी सिग्नल वेळेवर पडायला हवेत, आणि त्यासाठी एक पेटी निवडावीच लागेल.

निवडीसाठी त्यांनी वहीत कोष्टक केलं. अँपिअर किती, कारण रुळात एका वेळी चार-पाच गाड्या असल्या तर तीन अँपिअर सहज लागतात. वेगाचे टप्पे अठ्ठावीस की एकशे अठ्ठावीस. बूस्टर जोडता येतो का. संगणकाला जोडता येते का. बिघडली तर दुरुस्ती कुठे, या रकान्यात दोन्ही पेट्यांपुढे ‘मुंबई?’ असं लिहून त्यांनी पेन ठेवलं. खरं तर याच रकान्यावर निर्णय व्हायला हवा. मॉडेलवाल्यांचा जुना सल्ला आहे की तुमच्या आसपासच्या चार लोकांकडे जी पेटी आहे तीच घ्या, म्हणजे अडलं तर विचारायला कोणी असतं. सावलीत आसपासच्या चार लोकांकडे पॉवर टिलर आहेत.

इथे वायरमनचा मुलगा उगवला. पॉलिटेक्निकला शिकतो, सुट्टीत घरी होता. त्याने सांगितलं, पेटी घ्यायचीच कशाला? आर्डुइनोचा बोर्ड घ्या, त्यावर मोटर शील्ड लावा, डीसीसी-ईएक्स नावाची फुकट प्रणाली टाका, झाली पेटी. जेएमआरआय हे सॉफ्टवेअरही फुकट, जुन्या संगणकावर चालतं. खर्च पुतण्याच्या एका रिमोटच्या किमतीपेक्षा कमी, आणि बिघडलं तर दुरुस्ती सावलीतच. गुरुजींना गहिवरून आलं. खादीच्या डोंगराखाली स्वदेशी पेटी! बोर्ड आला तेव्हा त्यांनी खोका उलटसुलट करून पाहिला. आर्डुइनो जन्माने इटलीचा, इव्रेया गावचा. हा तुकडा चीनमध्ये बनलेला. गुरुजी म्हणाले, “प्रोग्राम तर आपल्या पोरानं टाकला ना?” आणि स्वदेशीचा प्रश्न तिथेच मिटवला.

म्हणजे आता पेट्या तीन झाल्या. निर्णय आणखी लांबला.

निर्णय शेवटी काकूंनी केला, आणि तोही कुरोड्या वाळत घालायला ओसरी मोकळी हवी म्हणून. गुरुजी त्यांना समजावत होते की दोन पेट्या एकाच रुळाला कधीही लावायच्या नसतात. रूळ कापून दोन भाग केले तरी गाडीचं चाक कापावरून जाताना दोन्ही बाजूंना एकदम टेकतं आणि तेवढ्या क्षणात दोन पेट्या एकमेकींच्या अंगावर येतात. काकू ऐकत होत्या. त्यांचं माहेर भिवापूरचं, मिरचीचं गाव, नागपूर–नागभीड लाइनवरचं.

“पण तुमच्या गाड्या एकमेकीच्या रुळावर जातातच कोठी?” काकू म्हणाल्या. “आधी दोन्हीकडं लहानच लाइन होती. मंग मूलची मोठी झाली, आन् मले दरवेळी नागभीडले उतरून, पोरगं काखेत, मिरचीची थैली डोक्यावर, दुसऱ्या गाडीत बसा लागे. मोठी गाडी भिवापूरले गेलीच नाही कधी. मंग तुमची वीज कायले जाईन?”

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग वही बंद केली.

ब्रॉडगेज १६.५ मिलिमीटर, नॅरोगेज ९. एकाचं चाक दुसऱ्याच्या रुळावर चढूच शकत नाही. दोन रूळ नागभीडला शेजारी येतात, पण कुठेही टेकत नाहीत. त्यामुळे कापायला काही नाही, इन्सुलेटर लागत नाही. रेल्वेने १९९२ साली साऱ्या देशात एकच गेज करायचं धोरण घेतलं, त्यामागे प्रवाशांचे आणि मालाचे हेच हाल होते. आणि तेच हाल ओसरीवर इतके उपयोगी पडले की गुरुजींनी रेल्वे बोर्डाचे आभार मानले. मोठी लाइन जावयाला दिली, लहान लाइन पुतण्याला. वायरमनने पुतण्याच्या पेटीला आपल्या २३० व्होल्टवर चालणारा वीजपुरवठा बसवला. दोघांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की तुमचीच पेटी मुख्य आहे. दोघांच्याही बाबतीत ते अर्धं खरं होतं.

आर्डुइनोला गुरुजींनी प्रोग्रामिंग ट्रॅक दिला, म्हणजे वेगळा ठेवलेला हातभर रूळ, जिथे इंजिनाचा पत्ता आणि बाकीच्या सवयी लिहायच्या. हे पद दिसायला लहान, पण नवं इंजिन तिथून गेल्याशिवाय कोणत्याच लाइनवर जात नाही. पहिल्या रजिस्टरमध्ये पत्ता, तिसऱ्यात सुटताना किती सावकाश, चौथ्यात थांबताना किती सावकाश. आणि बऱ्याच डीकोडरांत आठव्यात आठ लिहिलं की इंजिन सगळं विसरून पुन्हा नंबर ३ होतं. तहसील कचेरीत दाखल्याच्या टेबलावर जो अधिकार असतो तो आता वायरमनच्या मुलाकडे आला.

अधिकार आला की घोळही येतो. मोठ्या लाइनच्या एका इंजिनाला त्याने १०५ हा पत्ता दिला. इंजिन प्रोग्रामिंग ट्रॅकवर झकास चाललं, जावयाच्या लाइनवर ठेवलं तर दगड. जावई म्हणाले पोराची चूक, पोरगा म्हणाला जर्मन पेटीची चूक. चूक कोणाचीच नव्हती. मानकाप्रमाणे लहान पत्ता १ ते १२७ असू शकतो. काही घराणी तो १२७ पर्यंत लहान मानतात, तर काही ९९ नंतर मोठा धरतात. पोराच्या पेटीने १०५ लहान म्हणून लिहिला, जावयाच्या पेटीने १०५ मोठा म्हणून हाक मारली. इंजिनाच्या दृष्टीने कोणी दुसऱ्याच १०५ ला बोलावत होतं. म्हणून पुढच्या वेळी कोणी डिजिटल पेटी घेताना सल्ला मागितला, तर शंभर ते एकशे सत्तावीस हे आकडे इंजिनांना देऊ नका, एवढं मी खात्रीने सांगतो. बाकीचं गुरुजींना विचारा आणि घरी दिवा लावायला उशीर होईल असं सांगून जा.

गेल्या उन्हाळ्यात जावई आणि पुतण्या एकाच आठवड्यात आले. वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवायच्या ठरल्या. जावयाने मोबाइलवरून मूलची गाडी आणली, सिंदेवाहीला थांबवली, नागभीडला फलाटावर लावली, पायरी गाठली नाही. समोर पुतण्या जाडा रिमोट घेऊन नॅरोगेजच्या झेडडीएमला धूर नसताना धूर काढायला लावत होता; म्हणजे आवाज येत होता. सिग्नल पडला, वेळेवर. गुरुजींनी शिट्टी वाजवली आणि मग सगळे थांबले. मोठ्या गाडीतल्या प्रवाशांना लहान गाडीत बसवायचं कसं, याचा आदेश तीनपैकी एकाही पेटीत नव्हता.

काकू स्वयंपाकघरातून चिमटा घेऊन आल्या. लुगडं नेसलेली पावणेदोन सेंटिमीटरची बाई त्यांनी मोठ्या डब्यातून उचलली, फलाटावरून नेली आणि छोट्या गाडीत खिडकीपाशी बसवली. मग तिची थैली आणायला परत गेल्या.

“आता सोडा गाडी,” त्या पुतण्याला म्हणाल्या, “भिवापूरले पोचेपर्यंत अंधार पडते.”